ये, कोणी रागावणार नाही

…आणि वर म्हणतात, टाळ्या वाजवायच्या नाहीत! आता तुम्हीच सांगा, बक्षीस समारंभाला माणूस जातो कशाला? टाळ्या वाजवायला, दुसऱ्याच्या पोराला बक्षीस मिळालं म्हणून आतल्या आत जळायला, आणि शेवटी चहा मिळतो का ते बघायला. त्यातला चहा बंद, कारण पुस्तकांवर सांडतो. टाळ्या बंद, कारण आवाज होतो. राहिलं काय? जळणं! ते बिनआवाजाचं असतं म्हणून तेवढ्याला परवानगी! समारंभ ठेवलाय कुठं, तर कॉलेजच्या ग्रंथालयात, तेही वाचनाच्या खोलीत, कारण हॉलला रंग चाललाय. भिंतीवर ही एवढी पाटी, 'शांतता राखा', आणि बरोबर पाटीखाली माईक! आणि त्या माईकवर ग्रंथपालबाई येऊन काय करतात? कुजबुजतात! "सर्वांचं… स्वागत… खुर्च्या… ओढू नका… उचला…" घरात नुकतं बाळ झोपलंय आणि त्याच खोलीत सोसायटीची मिटिंग भरलीय, असा सगळा प्रकार!

तुम्हाला सांगतो, असा छळ मी जन्मात सोसलेला नाही. आणि समोर कोण बसलेलं… जाऊ दे, ते नंतर. आधी मी तिथं गेलोच कशाला ते ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल याला काय काम त्या ग्रंथालयात.

बरोबर आहे, मला काहीच काम नाही. मी कॉलेज सोडलंय. सोडलंय, हे नीट ऐकून घ्या, मला काढलेलं नाही, कारण आमचा बाप गल्लीभर उलटं सांगतो. झालं काय, दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक सर होते आणि सरांची एक वही होती. पिवळी पडलेली. वर्षानुवर्षं तीच वही, तोच सूर, विनोदसुद्धा त्याच पानावर, आणि विनोद झाला की सर वर बघून थांबणार, हसा म्हणून. मी एक दिवस उभा राहिलो, म्हटलं, "सर, ही वही झेरॉक्सला देऊन टाका ना, तुम्ही पण सुटाल, आम्ही पण." चुकलं काय माझं? सर म्हणाले, "बाहेर हो!" झालो. वर्गाबाहेर झालो, मग म्हटलं आलोच आहोत तर फाटकाबाहेरही होऊ. त्यांनी थोडंच सांगितलं होतं, मी जरा जास्त ऐकलं, एवढंच! आयुष्यभर मोठी माणसं म्हणतात, मोठ्यांचं ऐकावं. एकदा ऐकलं तर ही बोंब!

आता ही बातमी आमच्या बापाला सांगायची होती. आमचा बाप पत्र्याचं काम करतो. पेट्या, कपाटं, धुराच्या नळ्या. सकाळपासून हातोडी, पत्रा, हातोडी, पत्रा. त्यामुळं त्याचे कान अर्धे झालेत आणि आवाज दुप्पट. आमच्या घरात "मीठ दे" असं म्हटलं तरी शेजारी धावत येतात, कोण मेलं म्हणून. मग विचार करा, मी कॉलेज सोडलं हे ऐकल्यावर काय झालं असेल! "नीऽऽघ!" म्हणाला. "नीऽऽघ माझ्या घरातून!" मी म्हटलं, "निघतो!" आणि निघालो. पिशवी उचलली, दार आपटलं, तरातरा गेलो, घर सोडलं, गाव सोडणार होतो, जग सोडणार होतो… आणि गेलो कुठं? मागच्या गल्लीच्या पलीकडच्या गल्लीत.

हसू नका. तिथं टायरचं दुकान आहे, मित्राच्या मामाचं. खाली टायर, वर माळा, माळ्यावर मी. दिवसभर पंक्चर काढतो. आणि वारा तिकडून असला ना, की बापाची हातोडी स्पष्ट ऐकू येते. कुठला पत्रा ठोकतोय, जाड की पातळ, तेसुद्धा ओळखू येतं. पळून गेलेल्या माणसाला इतकं ऐकू येता कामा नये.

तेव्हापासून हे असं चाललंय. बाप म्हणतो, "आधी तो येऊ दे, मग मी बोलतो." मी म्हणतो, "आधी तो बोलू दे, मग मी येतो." आई म्हणते, "तुम्ही दोघं एकाच पत्र्यातून कापलेले. कडा पण तशाच धारदार." आईचं बरं आहे, ती भांडत नाही, ती डबा पाठवते. डबा घेऊन येते बारकी. बारकी म्हणजे आमची धाकटी बहीण, नावाला बारकी, जीभ बघाल तर माझ्याहून हातभर लांब. मी सोडलं त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. डब्यावर डबा आणि डब्याबरोबर निरोप. "आई म्हणाली, भाजी संपव." "बाबा म्हणाले…" आणि इथं ती बापाचा आवाज काढते, खाली मामांच्या हातातली पान्यांची पेटी पडते, "डबाऽऽ धुऊन देत जा म्हणावंऽऽ!" घ्या! एवढ्या महिन्यांत बापाचे निरोप काय, तर डबा धुऊन दे!

तर ही बारकी एक दिवस माळ्यावर आली, डबा आपटला आणि म्हणाली, "दादा, तुझे हात पाहिजेत."

म्हटलं, "कुणाला मारायचंय?"

"मूर्खा, पुस्तक धरायला."

आता बघा हं, गंमत. कॉलेजनं काढलं होतं बक्षीस. नोटीस लागली, प्राचार्यांच्या सहीची, 'ग्रंथालयातील साधनसामग्रीचा उत्कृष्ट उपयोग करून पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या संशोधनास…' वाक्य संपेपर्यंत वाचणाऱ्याची बस सुटेल! आणि वाचून पोरांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "आपल्याकडं ग्रंथालय कुठंय रे?" एकानं सगळं फोनवरून उतरवलं आणि वर चिकटवला ग्रंथालयाच्या दाराचा फोटो. दाराचा! दार बंद होतं फोटोत! दुसरी एक पोरगी बाईंना विचारते, "मॅम, इथलं वायफाय पण साधनसामग्रीत धरतात का?"

आमच्या बारकीनं काय केलं, तर ती मागच्या खोलीत शिरली. तिथं जुन्या वर्तमानपत्रांची बाडं आहेत. वर्षावर्षाचे पेपर एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधलेले, एकेक बाड दाराच्या फळीएवढं. कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही, धूळ एवढी की बाड उघडलं की पहिली बातमी शिंक! ती बाडं बाहेर न्यायची नाहीत, फोटो काढायचा नाही, आणि सगळ्यात मोठा नियम, एकट्यानं उचलायची नाहीत. एकट्यानं उचललं की बाड मध्ये वाकतं आणि शिवण उसवते. म्हणून दोन माणसं. एक या टोकाला, एक त्या टोकाला, पावलाला पाऊल. एकाला सरळ चालायला मिळतं, दुसऱ्याला उलटं चालावं लागतं, आणि सरळ चालणाऱ्यानं उलटं चालणाऱ्याला वाट सांगायची. मैत्रिणी आल्या दोन दिवस, शिंकल्या, गेल्या. राहिलो कोण? आम्ही! भावाचा उपयोग काय, तर उलटं चालायला!

दारात ग्रंथपालबाई. त्यांना सगळं कॉलेज शूबाई म्हणतं, कारण त्या दुसरं काही बोललेल्या कुणी ऐकलेलं नाही. म्हणाल्या, "ओळखपत्र?" मी म्हटलं, "नाही. कॉलेज सोडलंय मी." जरा छाती काढूनच म्हटलं.

"हळू," बाई म्हणाल्या. "कॉलेज सोडलंस. ग्रंथालय सोडल्याचं मला कुठं सांगितलंस? पाय पूस आणि आत ये."

तुम्हाला सांगतो, मी पाय पुसले. का पुसले, मलाही माहीत नाही.

मग रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मामांना सांगायचं, "आलोच," आणि जायचं, हात साबणानं खसाखसा धुवायचे, कारण टायरचा काळा डाग पेपराला लागला तर शूबाई डोळ्यांनी मारतात. आणि मी धरायचं, बारकी वाचायची. मी म्हटलं, "शोधतेस काय एवढं? कुणाचं सरकार पडलं ते?"

म्हणाली, "नाही. ही बघ." आणि बोट ठेवलं एका बारक्या चौकोनावर. आतल्या पानाच्या कोपऱ्यात, केसतोडीच्या मलमाच्या जाहिरातीखाली. 'चिरंजीवास. जिथं असशील तिथून निघून ये. तुझ्या आईनं अंथरूण धरलं आहे. तुला कोणी रागावणार नाही. तुझे वडील.'

घर सोडून गेलेल्या पोरांसाठी छापलेल्या जाहिराती! पानोपानी! कुणी नापास झाला म्हणून गेलेला, कुणी बापानं मारलं म्हणून, कुणी काहीच न सांगता. पोरीही होत्या, पण थोड्या, बारकी म्हणाली पोरींच्या छापत नसत, लपवत. आणि आमची बारकी त्यावर संशोधन करत होती, की हे बाप लिहितात काय, कसं लिहितात, काय लिहीत नाहीत. मी म्हटलं, "वा! दुसरा विषय नव्हता जगात? आणि धरायला बोलावलंस कुणाला? मला?" ती म्हणाली, "तू धर. वाचू नकोस." आता समोर दाराएवढा कागद पसरलेला, मी काय डोळे मिटून धरू?

वाचलं. आणि भडकलो. अहो, भडकणार नाही तर काय! दर जाहिरातीत आई आजारी! इतक्या वर्षांच्या पेपरांत एक बाप कधी आजारी पडत नाही, बाप सगळे ठणठणीत, अंथरूण धरायचं ते आयांनी! आणि 'कोणी रागावणार नाही'! कोणी म्हणजे कोण? घरात रागावतं कोण? शेजारी येऊन रागावतात? दूधवाला रागावतो? रागावणारा सगळ्या घरात एकच, आणि तोच छापून आणतो, कोणी रागावणार नाही! "मी रागावणार नाही," एवढं लिहायला काय हात मोडतो का यांचा? मी हे सगळं बोललो, जरा मोठ्यानं, तर मागून "शूऽऽऽ!"

आणि वर्णनं! 'अंगानं किरकोळ, बोलताना डोळे मिचकावतो.' 'डाव्या हातानं जेवतो.' 'शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.' अरे, पोरगा घरात होता तेव्हा बघितलंस का कधी त्याच्या बटणाकडं? गेल्यावर आठवलं? 'नापास झालास तरी चालेल.' आता चालेल! निकालाच्या दिवशी का नाही चाललं? मी असा एकेका बापाला धरून झोडत होतो, बाड धरलेल्या हातांनी दुसरं काही करता येत नाही म्हणून तोंडानं, आणि बारकी लिहून घेत होती. चक्क लिहून घेत होती! म्हणाली, "बोल, बोल, तुझं मला उपयोगी पडतं."

एक दिवस एक जाहिरात निघाली. त्यात आई आजारी नव्हती. कोणी रागावणार नाही, हेही नव्हतं. फक्त होतं, 'तुझी कबुतरं ठीक आहेत. मी दाणे घालतो.' खाली सही नाही, काही नाही.

'मी' घालतो. सगळ्या बाडांत तो एकच 'मी' होता.

बारकी म्हणाली, "दादा, पान उलटू?"

म्हटलं, "थांब जरा."

धूळ फार असते त्या कागदाला. मी आधीच सांगितलंय.

असो. तर बारकीला मिळालं बक्षीस. आता बक्षिसाचं पत्र आलं, 'पालकांसह उपस्थित राहावे'. बारकी माळ्यावर आली, म्हणाली, "दादा, तू ये. बाबा नाही येत, त्यांना काम आहे." म्हटलं, बाप नाही ना, मग येतो. आणि तिकडं घरी जाऊन तिनं काय सांगितलं असेल? "बाबा, तुम्ही या. दादा नाही येत, त्याला लाज वाटते." मला? लाज? पण बापाला पटलं! लगेच पटलं!

मी गेलो, लांबलचक वाचायचं टेबल, त्याच्या एका बाजूला बसलो. समोरची खुर्ची रिकामी. म्हटलं बरंय. आणि दारातून कोण येतंय? इस्त्रीचा शर्ट, घासून घासून लाल केलेले हात, पण नखांत पत्र्याचा काळा मळ तसाच… आमचे तीर्थरूप! आणि शूबाईंनी त्यांना बोट कुठं दाखवलं? माझ्या बरोब्बर समोर! पालक इकडे म्हणे!

बापानं मला बघितलं. छाती भरून घेतली. मला माहितीये तो श्वास, लहानपणापासून माहितीये, त्याच्यानंतर घराचे पत्रे थरथरतात. "हा इथं काऽऽय…"

"शूऽऽऽ!"

तुम्हाला सांगतो, मी जन्मल्यापासून या माणसाला गप्प केलेलं कुणी बघितलेलं नाही. आजी करू शकली नाही. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, पोलीस आला, त्यालाही हा ओरडून म्हणाला, "मी कुठं ओरडतोऽऽय!" आणि इथं, खांद्याएवढी बाई, चष्मा, पांढरा अंबाडा, नुसतं ओठावर बोट… आणि बाप बसला. खुर्ची ओढली नाही. उचलली आणि बसला. सगळा श्वास आत! मला वाटलं फुटतो आता.

मग प्राचार्य उठले. हा माणूस आवाजावर प्राचार्य झालाय, फाटकात भाषण सुरू केलं की कॅन्टीनमधले पेले हलतात. पण इथं कुजबुजायचं! "आजच्या… युवाशक्तीनं… ज्ञानाच्या… क्षितिजावर…" आणि थांबले. कुजबुजत म्हणून बघा तुम्ही, 'ज्ञानाच्या क्षितिजावर'. स्वतःलाच लाज वाटते! इकडं तिकडं बघितलं, म्हणाले, "छान काम केलंय पोरीनं," आणि बसले. इतकं चांगलं भाषण त्यांनी आयुष्यात केलेलं नाही. प्रमुख पाहुणे होते कुणीतरी निवृत्त साहेब, त्यांना दुपार, पंखा आणि शांतता हे तिन्ही एकदम मिळालं, मग वाचनाच्या खोलीत जे सगळेच करतात ते त्यांनी केलं. घोरले नाहीत, तेवढा नियम पाळला.

आणि मग बारकी.

उभी राहिली, कागद उघडला आणि सुरू झाली. तिनं सांगितलं, आपल्या कॉलेजच्या मागच्या खोलीत किती बाप अडकून पडलेत. तिनं सांगितलं, या सगळ्या बापांना पोराशी बोलायचं होतं, पण घरात जमलं नाही, म्हणून सगळ्या गावासमोर बोलले, आणि सगळ्या गावासमोर बोलतानासुद्धा शब्द उसने घेतले, एकानं लिहिलं तेच दुसऱ्यानं. मग ती एकेक वाचायला लागली. 'जिथं असशील तिथून निघून ये.' 'आईनं अन्न सोडलं आहे.' 'कोणी रागावणार नाही.' 'कोणी रागावणार नाही.' 'कोणी रागावणार नाही.'

समोर बाप कानामागं हात धरून वाकलेला. ऐकू येत नव्हतं त्याला. जन्मभर हातोडी मारलेला माणूस, त्याला कुजबूज काय ऐकू येणार! वाकला, आणखी वाकला, टेबलावर झुकला… आणि मग उठला. खुर्ची उचलली, अलगद, अंडं उचलावं तशी, आणि टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या शेजारी ठेवली. बसला. माझ्यासाठी नाही हं! गैरसमज नको! त्याचा डावा कान जरा बरा आहे आणि बारकी त्या बाजूला होती. कानासाठी आला तो.

पण खांद्याला खांदा लागला. मी हलवला नाही. जागाच नव्हती.

बारकीचं संपलं. प्राचार्य म्हणाले, "काही… प्रश्न?" आता असल्या समारंभात प्रश्न कोण विचारतं? कोणी नाही. आणि माझ्या शेजारी एक हात वर गेला. काळ्या नखांचा. शाळेतल्या पोरासारखा, कोपर टेबलावर टेकवून, एक बोट वर.

 म्हटलं, आता हा ओरडणार, पाहुणे दचकून पडणार, बारकीचं बक्षीस मातीत. मी डोळे मिटले.

आणि एक आवाज आला. खरखरीत, अगदी हळू. मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं. आमच्या बापाकडं असा आवाज आहे, हे मला ठाऊकच नव्हतं हो! इतकी वर्षं त्या घरात राहिलो, कधी दाखवला नाही त्यानं!

म्हणाला, "त्यातली… परत किती आली?"

बारकीनं कागदाकडं बघितलं, मग कागद खाली ठेवला. "ते नाही कळत, बाबा. पोरगा हरवल्याची जाहिरात देतात. परत आल्याची कुणी देत नाही."

"मग त्या बापाला… पोरानं वाचलं की नाही, ते कसं कळणार?"

"नाही कळत, बाबा."

बाप मान हलवत राहिला.  "हं," म्हणाला. "हं."

त्या खोलीत तेव्हा जी शांतता झाली ना, ती पाटीमुळं झालेली नव्हती. शूबाईसुद्धा चष्मा पुसत होत्या.

मग बक्षीस दिलं, टाळ्या नाहीत, सगळ्यांनी नुसते हात वर करून हलवले, जणू सगळी खोली कुणाला तरी निरोप देतेय. आणि बारकीला नेलं फोटोला. टेबलावर राहिलं दाखवायला आणलेलं एक बाड. ते मागच्या खोलीत ठेवायचं. मी एक टोक धरलं, दुसऱ्या टोकाला बारकी पाहिजे, ती फोटोत. शूबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि बापाला बोटानं दाखवलं. टोक धरा.

आता बाईंना नाही म्हणायची आमच्या बापात हिंमत आहे का? धरलं.

आणि आम्ही निघालो. तो सरळ, मी उलटा. दोन्ही बाजूंना कपाटं, मध्ये बोळ, मध्ये ते बाड, बाडाच्या वर त्याचं तोंड आणि माझं तोंड, आणि कुठंच बघायला जागा नाही, एकमेकांकडं सोडून. पावलाला पाऊल. शिवण उसवता कामा नये. आणि नियमच आहे, सरळ चालणाऱ्यानं वाट सांगायची…

"डावीकडं जरा," बाप म्हणाला. त्याच हळू आवाजात. "हं. हळू. मागं पायरी आहे… खाली नाही, वर. पाय उचल. हां. आता सरळ ये."

लहानपणी चालायला शिकवलं असेल तेव्हा असंच म्हणाला असेल का हो? मला आठवत नाही. मला आपली हातोडीच आठवते.

बाड ठेवलं फळीवर. दोघांनी आत सरकवलं. हात झटकले. निघायला पाहिजे होतं. बाप तिथंच उभा, फळीवरची धूळ बोटानं पुसतोय. आणि म्हणाला, माझ्याकडं न बघता…

"तुझी आई आजारी आहे."

अहो, त्याच दिवशी सकाळी तिच्या हातचा डबा खाल्ला होता मी! डब्याबरोबर निरोप होता, शर्टाची कॉलर मळली असणार, पाठवून दे, चार शिव्या घालून धुते म्हणून! मी म्हटलं, "काय झालंय तिला?"

बाप अडकला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "तसं… काही नाही झालं," म्हणाला. "पण आहे."

 मी फळीवरचं बाड उगाचच आणखी आत सरकवलं. मग तो घसा खाकरून, आणखी हळू म्हणाला, "आणि… कोणी रागावणार नाही."

आता इथं मी म्हणायला पाहिजे होतं, कोणी म्हणजे कोण? एवढ्या दुपारी मी तेच विचारत होतो एवढ्या बापांना! समोर सापडला होता एक, जिवंत, खरा, कपाटांच्या मध्ये, पळायला वाट नाही! विचारायला पाहिजे होतं ना?

मी म्हटलं, "डबा घरीच घेऊन येतो. धुऊन."

गेलो हो. त्याच संध्याकाळी गेलो. पिशवी उचलली, मामांना म्हटलं कामाला सकाळी येतोच, आणि गेलो. दार उघडलं आईनं. ठणठणीत! बघितलं मला आणि सुरू, "हाडं बघ निघालीत कशी! आणि केस! आणि हा शर्ट आहे की फडकं? एवढे दिवस सुचलं नाही होय रे यायला, गल्लीत तर होतास!" तिचं संपेस्तोवर मागून बारकी, "दादा, ते बाड उलटं ठेवलंत तुम्ही दोघांनी, बाई मला बोलल्या!" तिला आवरतो तर शेजारच्या काकू खिडकीतून, "आला का रे? बापाला किती त्रास दिलास!" आणि बाप… ग्रंथालयाचा उंबरा ओलांडल्याबरोबर त्याचा आवाज जिथला तिथं परत आलेला, घराचे पत्रे थरथरले, "चपलाऽऽ बाहेर काढऽऽ! आणि ती नोकरी म्हणजे काय नोकरी आहेऽऽ का!"

कोणी रागावणार नाही म्हणे! कोणी राहिलंच नाही रागावायचं!

मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. सगळे एकदम बोलतायत, मीठ दे, पाणी घे, कॉलेजचं काय, केस काप, आणखी वाढू का, वाढलंय ते खा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बारकी म्हणाली ना, परत आल्याची जाहिरात कुणी देत नाही, म्हणून किती पोरं आली ते कळत नाही? तिला म्हणावं, तुझ्या संशोधनात लिही, सगळी आली असतील. आली असतील आणि जेवायला बसली असतील. जाहिरात देणार कुठून? घरात शिरल्यावर एक शब्द कुणी बोलू दिला तर ना!

म्हणून तर तुम्हाला सांगत बसलोय.